दुसरी खुर्ची

शनिवारी ताईनं दुसरी खुर्ची विकत आणली. तेवीस वर्षं एका खुर्चीत भागलं होतं. दिवसभर हॉटेलात लोकांच्या टेबलाशी उभं राहायचं आणि घरी येऊन एकटीनं बसायचं, मग दुसरी हवीय कुणाला?

शुक्रवारी ती निवृत्त झाली. काम वाइन वाढण्याचं. बाटली उघडायची, घोटभर चाखायची, बरी असली तर पाहुण्याच्या ग्लासात ओतायची आणि मागं सरकायचं. कुणासमोर बसून आख्खा ग्लास? एकदाही नाही. निरोपाला मालकांनी पांढऱ्या वाइनची बाटली दिली. चौदा वर्षांपूर्वी ताईनंच ती तळघरात आडवी ठेवलेली. पांढरी सहसा इतकी टिकत नाही. ही टिकेल, हे तिनं तेव्हाच ओळखलं होतं.

धाकट्या भावाला फोन केला. "रविवारी बाराला ये. काही आणू नकोस. नुसता ये."

बाळ्या, पन्नाशीचा, सव्वाअकरालाच टपकला. ताईनं डोकं धुवायला घेतलं होतं. केस पुसत बाहेर आली तर ओटा रिकामा.

"बाटली कुठाय रे?"

"फ्रीजरमध्ये. कोमट होती तुझी."

"अरे देवा! कोमट नव्हती, बरोबर होती. सकाळपासून तीनदा हात लावून बघितलंय मी!"

"घ्या! मदत करायची सोय नाही."

फ्रीजरमधून काढलेली काच बोटांना चावत होती. जुनं बूच भुसभुशीत झालेलं, ताईनं पेच हळूहळू फिरवून ते अखंड काढलं. दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली, नाक घातलं. काहीच नाही.

"मुकी झालीय," ती म्हणाली.

"कोण?"

"वाइन. गारठली की वास देत नाही. तासभर लागेल आता."

"तासभर? अगं, हिची ड्युटी एकला सुटते. न्यायला गेलो नाही तर मीच मुका होईन." त्यानं एका दमात ग्लास संपवला. "छान आहे. साखर विसरलेलं लिंबूपाणी."

ताई खळखळून हसली. मग त्याच्या ग्लासात पुन्हा थोडी ओतली. "असा तळव्यांत धर. ऊब लागू दे."

त्यानं धरला. दोन मिनिटांनी घड्याळ बघायला मनगट वळवलं आणि निम्मी पँटवर सांडली.

"तू बस की! वेटरसारखी काय उभी?"

"बसते. अजून जरा थांबलास तर..."

"पुढच्या रविवारी पिऊ ना! कुठं पळून जातेय?"

"उघडल्यावर थांबत नाही रे ती."

"बरं, मग तू मजा कर," असं म्हणत त्यानं चपला पायात सरकवल्यासुद्धा.

दीडच्या सुमारास वास आला. आधी मध, मग भाजलेले बदाम. त्यामागून, लाकडी कपाटात बरेच दिवस ठेवलेल्या सफरचंदांचा. ताईनं डोळे मिटले. मग नव्या खुर्चीच्या उजव्या बाजूनं दुसरा ग्लास एक तृतीयांश भरला, बाटलीवरचं लेबल खुर्चीकडे वळवलं आणि सवयीनं एक पाऊल मागं सरकली.

खुर्चीच्या पाठीवरचं प्लास्टिक अजून काढायचं होतं.

तिनं फोन लावला. पलीकडून हॉर्न, त्यात त्याच्या बायकोचा आवाज.

"हां ताई, पटकन बोल, सिग्नलला आहे."

"बाळ्या, अरे, आता..."

"काय आता?"

ताईनं भरलेल्या ग्लासाकडे बघितलं.

"काही नाही. भेटली ना ती? एवढंच विचारायचं होतं."