होडीतले मिस्त्री

धरणाचं पाणी चढलं आणि आमची शेतं पलीकडच्या काठाला राहिली. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून गावातल्या आम्ही सहा जणांनी मिळून लाकडी होडी करायला घेतली. शिकवायला कंधारचे एक मिस्त्री होते. जन्मभर दारांच्या चौकटी आणि खाटा-बाजा केलेला माणूस.

ते सगळ्यांना 'जनाब' म्हणत. फळ्यांत शेळी घुसली तरी, "जनाब, बाजूला सरका." कुणी खिळा वाकडा ठोकला तर रागावत नसत. तो उपसून, दगडावर सरळ करून त्याच्याच हातात देत. "फिरून मारा, जनाब."

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी खुरपायला निघालेल्या बायका काठावर थांबल्या होत्या. मी मिस्त्रींना हसत म्हणालो, "चला, पहिला मान तुमचा."

त्यांचा चेहरा उतरला. "मला पवायला येत न्हाई. पाण्याचं लई भ्या वाटतं."

"मग ऱ्हाऊ द्या."

"मीच न्हाई बसलो, तर या बायांनी कुणाच्या भरवशावर बसायचं?"

चपला काढून ते बसले. डोळे गच्च मिटलेले. एका हातानं माझा सदरा धरलेला, दुसरा तळवा तळाच्या फळ्यांवरून फिरत होता. पलीकडे टेकल्यावर म्हणाले, "एका सांध्याला ओल हाय. आज बायांना बसवू नका."

"मग तुम्ही वळशानं या. होडी मी एकटा नेतो."

"अन् ओल वाढती का, ते कोण बघंल?"

येताना त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.