उभ्या मोटारीची बॅटरी

मोटारखान्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते हाताला लागलेल्या काळ्या तेलासारखे असतात. कितीही घासा, नखांच्या कडेला राहतातच. परवा जावयानं हौसेनं नवी स्कूटर दाखवली, तर माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "बॅटरी कुठाय?" सगळे हसले. मी पण हसलो. पण रात्रभर डोक्यात नांदेड!

निजामाचं राज्य तेव्हा शेवटाला आलं होतं, पण ते आम्हाला कुठं ठाऊक! आमचे मालक जहागीरदार. सगळा गाव त्यांना 'सरकार' म्हणायचा. सरकार राहायचे हैदराबादेत, मोठी मोटार त्यांच्यासोबत. नांदेडच्या बंगल्यात उरली होती ती दुसरी. लाल, बुटकी, कापडी छपराची, फक्त दोन माणसं बसतील अशी रेसिंगची मोटार. मुंबईहून आणलेली. सरकार वर्षातून दोनदा येणार, तिच्यात बसणार, हॉर्न वाजवणार, दिवे लावून बघणार आणि उतरणार. झालं!

पण हुकूम होता, "मी केव्हाही येईन. बटण दाबलं की सुरू झाली पाहिजे."

आता मोटार उभी असली तरी बॅटरी बसत नाही गप. ती उभ्या उभ्या उतरते. म्हणून तिच्या दिमतीला आम्ही दोन माणसं. करीम उस्ताद इंजिनाला आणि मी बॅटरीला. कारभार सगळा दिवाणजींच्या हातात, किल्लीसुद्धा.

*

दर पंधरा दिवसांनी बॅटरी काढून हातगाडीवर ठेवायची, वर पांढरं फडकं झाकायचं आणि जिनिंगच्या कारखान्यात न्यायची. तिथल्या डायनामोवर दिवसभर चार्ज करून संध्याकाळी परत.

एकदा वाटेत एका म्हातारीनं हातगाडी अडवली. "कुणाला घेऊन चालले रे दवाखान्यात?"

उस्ताद म्हणाले, "सरकारच्या मोटारीला, मावशी."

"अगं बाई! बरी होईल का?"

"हाव, होते की. दर पंधरा दिवसाला होते!"

म्हातारीनं हात जोडले. तिचा धनी तापानं अंथरुणाला खिळला होता, हे आम्हाला पुढच्या खेपेला कळलं. तोवर त्याला मसणात नेऊन झालं होतं.

*

बॅटरीत साधं पाणी चालत नाही. गाळीव, म्हणजे डिस्टिल्ड लागतं. ते हैदराबादेहून रेल्वेनं काचेच्या बरण्यांत यायचं, भुशात गुंडाळून.

एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या विहिरींनी तळ गाठला. बायका गोदावरीच्या वाळूत खड्डे करून वाटी वाटी पाणी भरायच्या. आमची मंडळी जेवणाचा डबा घेऊन मोटारखान्यात आली आणि बरणीपुढं थबकली.

"हे कशाचं पाणी?"

"बॅटरीला पाजायचं."

"लई नितळ हाय हो. एक तांब्या देता का? सासूबाईंना औषध पाजायचंय. घरचं पाणी गढूळ येऊन राहिलं."

माझीच आई ती! पण दारात दिवाणजी उभे होते. मी न्हाई म्हणालो.

बायको भांडली नाही. डबा ठेवला, पदर सारखा केला आणि जाता जाता म्हणाली, "पुढच्या जन्मी मला बॅटरी कर म्हणते देवाला."

*

बॅटरीतलं तेजाब, ॲसिड हो, पाण्यासारखा दिसणारा निखारा. एकदा बॅटरी उचलताना पट्टा तुटला आणि माझ्या उजव्या हातावर तेजाब उलटलं. मी बोंबललो. उस्तादांनी मला ओढत हौदापाशी नेलं, हात पाण्यात बुडवला. तेवढ्यात दिवाणजी धावत आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा पांढराफटक.

"किती भाजलं? किती?"

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या मोठ्या माणसाला आपली कळकळ! मी हात वर करून दाखवला.

"अरे हात नव्हे, मडमला काय झालं?"

मडम म्हणजे मोटार!

तीन बोटं अजून सरळ होत नाहीत. मडमला ओरखडा नव्हता.

*

ती मोटार लांबच्या रस्त्याला लागली, ती तोवर माझ्या आठवणीत एकदाच. लातूरला कुणी बडा अंमलदार आला होता, त्याला दाखवायला. चाक सरकारांच्या हातात, शेजारी उस्ताद. अहमदपूरपर्यंत ठीक. चाकूरच्या पुढं आदल्या दिवशी पाऊस झालेला, काळी माती! मोटार पोटापर्यंत रुतली.

शेजारच्या रानात एक शेतकरी ज्वारी पेरून राहिला होता. पाटलाला बोलावणं गेलं. पाटलानं तिफणीचे बैल सोडवले आणि मोटारीला जुंपले. वेठच ती, विचारतो कोण! बैलांनी मोटार लातूरपर्यंत ओढली. सरकार आत बसून गाव आलं की हॉर्न वाजवायचे.

लातूरच्या वेशीवर बैल सोडले. उस्तादांनी बटण दाबलं, मोटार गुरगुरली आणि ऐटीत गावात शिरली. अंमलदारानं विचारलं, "रस्ता कसा काय?"

सरकार म्हणाले, "पत्ताच लागला नाही!"

शेतकरी वेशीवरच उभा होता. त्यानं उस्तादांना हळूच विचारलं, "चाळीस घोड्यांचं बळ हाय म्हणता हिच्यात. मग माझे दोन बैल कशाला लागले? रानातली ओल गेली ना माझ्या."

नांदेडला परत आल्यावर चाकांची काळी माती खरवडत उस्तादांनी हे मला सांगितलं.

*

उस्तादांना एकच लेक, हलीमा. अहमदपूरला दिलेली. एका सकाळी तिकडून सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, तिचा दीर आला. हलीमा कालपासून बाळंतपणात अडली होती. सुईणीनं हात टेकले होते.

उस्ताद तसेच जनाना दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई एका शब्दात तयार झाल्या. "गाडी आणा, मी येते. दुपारपर्यंत पोचलो तर दोन्ही जीव वाचतील." सर्व्हिस मोटार परत जाणार दुसऱ्या दिवशी.

उस्ताद दिवाणजींपुढं उभे राहिले. "दोनच माणसं बसतात तिच्यात. आम्ही दोघंच जाणार. किल्ली द्या."

"सरकारांच्या इजाजतीशिवाय? माझी मान जाईल, करीम. तार करतो हैदराबादेला."

"बॅटरी कालच भरली, दिवाणजी. बटण दाबायचा अवकाश."

"तार करतो म्हटलं ना!"

तार गेली. डॉक्टरीणबाई बॅग घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. दुपार झाली. उत्तर नाही. चार वाजता बाईंना आत दुसऱ्या बाळंतिणीसाठी बोलावलं. उस्तादांनी कुणाचं तरी घोडं मागून घेतलं आणि एकटेच निघाले.

ते पोचले तेव्हा माती द्यायचीच राहिली होती. लेकीला आणि तिच्याजवळ बाळाला.

तिसऱ्या दिवशी उस्ताद परत आले. आंघोळ केली, कामावर हजर झाले. मी काही बोलायच्या आत दिवाणजी आले, हातात तार. खाली बघत म्हणाले, "इजाजत आली. गाडी नेण्यास हरकत नाही, सावकाश चालवावी, असं लिहिलंय." आणि स्वतःच्या हातानं किल्ली पुढं केली.

उस्तादांनी किल्ली घेतली. मोटार बाहेर काढली. मी शेजारी बसायला गेलो, तर हातानंच थांबवलं. मी मागनं पळत गेलो. मोटार जनाना दवाखान्याच्या पायरीशी थांबली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. मोटारीकडं बघितलं, उस्तादांकडं बघितलं.

"करीमभाई, आता?"

"हाव बाई. अब इजाजत है."

बाई आत गेल्या, बॅग घेऊन आल्या आणि उस्तादांच्या शेजारी बसल्या.

मोटार अहमदपूरच्या रस्त्याला लागली. सावकाश.