अण्णाचा जपानी, माझा अमेरिकन

दोन रेडिओ रिसीव्हरांची तुलना करायची तर दोघांना एकच एरियल द्यावी, दोघांना सारखं तापू द्यावं आणि मग एकाच जागी काटा ठेवून शांतपणे ऐकावं. शाळेत फिजिक्स शिकवताना मी पोरांना असलं बरंच सांगत असे. स्वतःवर पाळी आली तेव्हा यातलं एकही धड केलं नाही.

माझा रिसीव्हर अमेरिकन, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, दोन माणसांनी उचलावा असा. हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणला तेव्हा आमच्या हुलसूरच्या स्टँडवर हमालानं विचारलं होतं, आत म्हैस हाय का. निंबर्ग्याच्या अण्णाचा सेट जपानी, ट्रान्झिस्टरचा, माझ्याच्या निम्म्याहून लहान. अण्णा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी माणसांना घरून रेडिओवर एकमेकांशी बोलायचं, लायसन्स दोघांकडे. रोज सकाळी चहा झाला की ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आम्ही भेटायचो, आणि तूर, ऊन, गुडघे हे विषय उरकले की मूळ भांडणावर यायचो. कुणाचा सेट चांगला? माझं म्हणणं, अमेरिकनचा आवाज भरदार, कितीही वेळ ऐका, कान शिणत नाहीत. त्याचं म्हणणं, भरदार आवाज काय चाटायचाय? जपान्याचा काटा ठेवाल तिथं राहतो, तुमचा तापेपर्यंत गावभर फिरून येतो. ते खरं होतं, म्हणून मी कधी मान्य केलं नाही.

मग अण्णाला त्याच्या मुलानं बेंगळुरूला नेलं, उंच इमारतीत. तिथल्या सोसायटीत एरियल लावायला मनाई. जाताना त्यानं जपानी सेट वाकळेत गुंडाळून, तुरीच्या पोत्यांच्या जीपमधून माझ्याकडे धाडला. सोबत निरोप : दोघं शेजारी ठेवा, निकाल द्या, खोटं बोलू नका. दर रविवारी तो फोन करून निकाल विचारायचा. मी म्हणायचो, तपासतोय.

तपासत काहीच नव्हतो. बायको गेल्यापासून घरात बोलणारा मी एकटाच, आणि आता सकाळचा अण्णाही नाही. चहा झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न होता. अमेरिकन सेट मी तापायला म्हणून वेळ सांगणाऱ्या एका परदेशी स्टेशनवर लावून ठेवायचो. नुसती टिकटिक. घरात काहीतरी चाललंय एवढं वाटायचं. आणि जपानी लावायचो आमच्या जुन्या जागेवर, उगीच.

एका सकाळी तिथं शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी. कुणीतरी ट्रान्समीटर चालू करून बसलंय आणि बोलत नाही, असं. सुरुवातीला ती जराशी सरकायची, मग स्थिर व्हायची. अण्णानं हातानं बनवलेला आणि सोबत नेलेला ट्रान्समीटर अगदी असाच सरकायचा. माझी खात्रीच पटली. गड्यानं चोरून बाल्कनीत तार टाकलीय, आणि सोसायटीच्या भीतीनं तोंड उघडत नाही.

अमेरिकनचा काटा त्या जागी नेला, तर शिट्टी दोन्ही सेटवर गायब. परत टिकटिकीवर आणला, तर जपानीवर हजर. शहाणा माणूस इथं थांबून विचार करतो. मी असा निष्कर्ष काढला, की माझा सेट बहिरा आहे आणि अण्णा मस्करी करतोय.

फोन करून विचारता आलं असतं. पण मग जपान्यानं जे ऐकलं ते माझ्या अमेरिकनला ऐकू आलं नाही, हे कबूल करावं लागलं असतं. शिवाय अण्णा नाही म्हणाला असता तर?

म्हणून मी रोज माझ्या ट्रान्समीटरचा माइक दाबून शिट्टीशी बोलू लागलो. शेवग्याची फांदी एरियलवर पडली, ते सांगितलं. ज्वारीची भाकरी शिकलो आणि गल्लीतलं कुत्रं ती हुंगून निघून गेलं, ते सांगितलं. बायकोच्या श्राद्धाला स्वयंपाक मीच केला आणि जेवलोही मीच, तेही सांगितलं. एकदा सोलापूरकडचा एक अनोळखी आवाज मध्ये आला. फार अदबीनं त्यानं विचारलं, सर, कुणाशी बोलताय, आम्हाला समोरचं कुणीच ऐकू येत नाही. मी त्याला रिसीव्हर बदलायचा सल्ला दिला. जपानी घ्या म्हटलं.

मग एका शनिवारी अमेरिकनमधून धूळ जळल्याचा वास आला, म्हणून त्याचं बटण बंद केलं. शिट्टी थांबली. पुन्हा चालू केलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले, आणि जपानीवर शिट्टी परत आली, सरकत सरकत.

असल्या सेटच्या पोटात त्याची स्वतःची एक बारीक लहर तयार होते आणि थोडी बाहेर सांडते, शेजारच्या सेटला ती शिट्टीसारखी ऐकू येते. काटा हलवला की तीही हलते. हे मी पोरांना शिकवलंय, परीक्षेत विचारलंय, उत्तर चुकलं म्हणून मार्क कापलेत. आणि मीच इतके दिवस माझ्याच टेबलावरच्या खोक्याला घरची ख्यालीखुशाली सांगत होतो. चहावर साय धरली तरी तसाच बसून राहिलो.

बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. अमेरिकन बहिरा नव्हता. तिथं कुणी नव्हतंच, आणि कुणी नाही हे त्यानं सरळ सांगितलं होतं. फसला होता जपानी. म्हणजे मी जिंकलो होतो.

रविवारी फोन आला.

"काय मास्तर, निकाल?"

"अण्णा, बाल्कनीत तार लावलाव का?"

"तार? हितं लुगडं वाळत घालायची तार सुदीक आत बांधाय लावत्यात. कामून?"

"न्हाई, सहज."

त्याच्या मागं लिफ्टचं दार वाजलं. मग म्हणाला, "सकाळी चा घिऊन बाल्कनीत उभारतो मी. आपल्या टायमाला. खाली गाड्या जायल्यात नुसत्या." आणि लगेच, "बरं, निकालाचं सांगा. कोन जिंकलं?"

उत्तर जिभेवर होतं. इतक्या वर्षांच्या भांडणातलं पहिलं पुराव्यासकट उत्तर.

"अजून तपासायलोय," मी म्हटलं.

"व्हय, तपासा," अण्णा म्हणाला. "घाई करू नका."