माल गेला म्हणायचं नाही

न्हावा शेव्याच्या बंदरात क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे लोकांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याकडे नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत. यार्डात रिकामे कंटेनर एकावर एक चढतात, तसे ते साठतच जातात!

आमचे मालक पाटीलशेठ इथल्याच गावचे. त्यांच्या वडिलांच्या मिठागरावर आज क्रेन उभ्या आहेत. ऑफिसात त्यांचा एकच दंडक: "माल गेला" असं म्हणायचं नाही. म्हटलं की जात नाही!

मी नवी होते, हसले.

*

पहिल्याच महिन्यात कांद्याचा ट्रक बंदराच्या गेटपाशी पोचला. मी निर्यातदाराला फोनवर सांगून टाकलं, "माल गेला, साहेब!" फोन कानालाच होता, तेवढ्यात टीव्हीवर पट्टी आली: कांदा निर्यातबंदी, तात्काळ लागू. पुढचा ट्रक आत गेलेला, आमचा बाहेर. त्याचा कांदा कोलंबोला, आमचा परत कळंबोलीला!

संध्याकाळी कोलंबोहून व्यापाऱ्याचा फोन. तिकडे भाव कडाडलेसुद्धा! दिल्लीत कोणीतरी एक ओळ टाईप करतं आणि समुद्रापलीकडची बाई फोडणीत हात आखडता घेते. मी थक्कच झाले.

शेठ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, बोट सुटंपर्यंत म्हनायचा नाय."

*

मग टी-शर्ट अमेरिकेला निघाले. बोट सुटल्यावर आमचे सीनियर कांबळेसाहेब खुर्चीत रेलले. "गेला एकदाचा!"

बोट अर्ध्या वाटेत असताना तिकडच्या सरकारनं आयातकर वाढवला. गिऱ्हाईक म्हणालं, नको आता! टी-शर्ट मधल्याच कुठल्यातरी बंदरात उतरले.

"वरात दारात आल्यावर नवरीनं नाही म्हणावं, तसं झालं की हे!" कांबळेसाहेब म्हणाले.

शेठनी नियम वाढवला. "तिकडं उतरंपर्यंत म्हनायचा नाय."

*

तळोज्याच्या शोभाताईंचा किस्सा मात्र जिवाला घोर लावणारा. छोटा कारखाना, तिथे पंपाचे शाफ्ट, म्हणजे आत फिरणारे दांडे, बनायचे. प्रत्येक शाफ्टच्या टोकाला चांदणीचा ठसा, ही त्यांची हौस. जर्मनीची पहिलीच ऑर्डर, कारखाना तगणार की बंद पडणार ते तिच्यावर. आणि कोरियाहून आलेलं स्टील बंदरातच अडकलं! नवा नियम: गुणवत्तेचा सरकारी शिक्का नसेल तर माल सुटणार नाही.

शोभाताई रोज येऊन बसायच्या. एकदा त्यांना जर्मनीहून फोन आला, "आमची पंप जोडायची लाईन थांबलीय. हे न्हावा शेवा आहे तरी कुठे?"

शेवटी सरकारनं नियम पुढे ढकलला. स्टील सुटलं, मशिनं फिरली, शाफ्ट बोटीत चढले. ताई पेढे घेऊन आल्या. शेठ हात लावेनात! जर्मनीत माल उतरल्याचा मेल आला, तेव्हा कुठे त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "गेला!"

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

*

पुढच्या वर्षी उलव्यात शेठची बिल्डिंग उभी राहिली. पूजेला आम्ही सगळे, शोभाताईसुद्धा. शेठ कौतुकानं खाली पंपरूममध्ये घेऊन गेले.

"बगा ताई, जर्मन पंप हाय! आपल्याकडं असा बनत नाय."

प्लंबर जोडणी करत होता, कव्हर उघडंच होतं. शोभाताई वाकल्या. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावून शाफ्टच्या टोकावर धरला.

चांदणी!

शेठनी वाकून चांदणीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, मंग माल गेला म्हनायचा तरी कदी?"