मेणात मुरलेला धूप

एसीच्या गारव्याने माझ्या बायकोची, सलमाची खोबरेलाची बाटली थिजली होती. सलमा वारल्यापासून त्या बाटलीला कुणी हात लावला नव्हता. आज ती कोमट पाण्यात धरली आणि कुवेतमधल्या वफ्राच्या शेतावरची एक दुपार आठवली.

तिथे मी पंप दुरुस्त करायचो. मालकाने वारलेल्या वडिलांच्या शिकारीच्या जुन्या गोळ्या काढल्या. दारू न भरलेल्या, नुसत्या शिशाच्या. त्यांवर कारखान्यात लावलेलं वंगणाचं मेण सुकून तडकलं होतं. "हे काढ, नवं लावू," तो म्हणाला.

म्हाताऱ्याच्याच बैठकीत शेगडी मांडून मी गोळ्या कढत पाण्यात सोडल्या. मेण वितळून वर आलं आणि खोलीभर बखूरचा, अरबी धुपाचा, वास सुटला. म्हातारा रोज धूप जाळायचा; वर्षानुवर्षं तो त्या मेणात मुरला होता.

कोपऱ्यातला आंधळा कुत्रा उठला. शेपूट हलवत दारापर्यंत गेला, कुणाच्या तरी पायांशी चालावं तसा हळूहळू परतला आणि रिकाम्या खुर्चीपाशी बसला.

"पुरे, रफीक. शेगडी बंद कर," मालक माझ्याकडे बघत पुटपुटला.

तेव्हा मला त्या कुत्र्याची भीती वाटली होती. आज तेल वितळलं, वास सुटला, आणि मी दारातून बाजूला सरकलो, सलमाला आत येता यावं म्हणून.