जुळलेल्या टाचा

कोर्दोबात कातडं कमावणाऱ्यांच्या आळीमागे गास्पारची तलवारीची तालीम होती. फरशीवर कोळशाने काढलेलं मोठं वर्तुळ, आणि त्याचं सगळं आयुष्य त्या वर्तुळाच्या कडेने चाललेलं. शागिर्दांना तो सांगे, "सरळ अंगावर धावतो तो बैल. माणूस कडेने चालतो. एक पाय टाकला की दुसरा सुटा हवा. टाचा जुळल्या की मेलात." तसा अबोल माणूस, पण एकदा मनात धरलं की मरेपर्यंत न सोडणारा.

त्याचा धाकटा भाऊ तोमे एका गल्लीत पाठीत वार खाऊन मेला. मारणारा बेर्नाल, बड्या घरचा पोरगा. न्यायाधीश त्याच्या बापाच्या पंगतीतला, तेव्हा न्याय काय झाला ते सांगायला नको. वर्षाच्या आत हाच बेर्नाल गास्पारच्या दारात येऊन उभा राहिला.

"वस्ताद, पवित्रे शिकायचेत. हात माझा चांगला आहे, पाय मात्र गाढवाचे."

तोमेने आईचं आडनाव लावलेलं, गास्पारने बापाचं. आमच्याकडे हे घरोघर चालतं. त्यामुळे आपण कुणाच्या दारात आलोय याचा त्या शहाण्याला पत्ताच नव्हता.

गास्पारचं रक्त उकळलं. तिथेच नरडं धरलं असतं त्याने. पण पाठीत वार करणाऱ्याला समोरून मारायचं, चारचौघांत, तोमेचं नाव ऐकवून, असं त्याने कधीच ठरवलं होतं.

"या सरकार," तो म्हणाला. "पाय मी घडवतो."

आणि घडवले. बाकी सगळं इमानाने शिकवलं, फक्त एक खोट मधे घातली: उजवं पाऊल टाकलं की डावी टाच हळूच आणून त्याला टेकवायची. "याने तोल राहतो," असं बेधडक सांगून टाकलं. त्या क्षणी माणूस खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखा होतो, ना पुढे जाता येत, ना मागे. बेर्नाल जात्याच आळशी, पाहिल्याशिवाय त्याला काही जमेना. "पुन्हा दाखवा, वस्ताद," तो म्हणे. गास्पार पुन्हा दाखवी. रोज सकाळी, त्याच्या बरगड्यांवर नजर ठेवून, पुन्हा पुन्हा दाखवी.

घरी त्याची बायको कितेरिया हरभऱ्याचं कालवण ढवळता ढवळता हसली. "अहो, दारात असे टाचा जुळवून काय उभे राहता? पाद्रीबाबा आलेत की काय?"

"तू तुझ्या कालवणाकडे बघ."

"बघते बाबा. मला मेलीला तलवारीतलं काय कळतंय?"

जत्रेच्या दिवशी लोक चर्चमधून बाहेर पडले, तेव्हा नदीकाठच्या पाणचक्कीपाशी गास्पारने बेर्नालची वाट अडवली. "तोमे माझा भाऊ होता. काढ तलवार."

बेर्नालचा चेहरा पांढराफटक पडला. पण सगळं गाव बघत होतं, पळायची सोय नव्हती. त्याने तलवार काढली.

दोघे कडेकडेने फिरू लागले. बेर्नालने उजवं पाऊल टाकलं आणि शिकवल्याप्रमाणे डावी टाच येऊन टेकली. गास्पार या क्षणासाठीच जगला होता. त्याने बाहेरच्या अंगाला उजवं पाऊल टाकलं. आता डावा पाय सुटा निघायला हवा होता. तो निघाला नाही. आपणहून सरकत आला आणि उजव्या टाचेला चिकटला. वार वीतभर तोकडा पडला. गास्पारने खाली आपल्या पायांकडे पाहिलं, जे तो नवशिक्यालाही करू देत नसे. तेवढ्यात बेर्नालचं पातं त्याच्या गुडघ्यात शिरलं.

लोक मधे पडले. धापा टाकत बेर्नाल म्हणाला, "पाय चांगले घडवलेत, वस्ताद." त्यात टोमणा नव्हता. गड्याला खरंच तसं वाटत होतं.

गास्पार धुळीत पडून ढसाढसा रडला. गुडघ्यासाठी नव्हे. तोमेचा सूड आपल्याच पायांनी बुडवला म्हणून.

आता तो खुर्चीत बसून शिकवतो. राग रतीभर उणा झालेला नाही. नवा शागिर्द आला की आधी त्याला खिडकीशी नेतो आणि रस्त्याने जाणारा बेर्नाल दाखवतो.

"तो थांबला की त्याच्या टाचा बघ. दिसलं?"

शागिर्द नीट बघतो. मग कुबडी टेकून शेजारी उभ्या असलेल्या वस्तादाच्या टाचांकडे बघतो.