भाऊजींची पांढरी रेघ

भिलाईत लोखंड वितळवणारी माणसं पैशाला पासरी मिळतील, पण एक वस्तू दुसरीवरून सरकली की नाही, एवढंच पाहायला जन्माला आलेला माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या ताईच्या पदरात पडला. भाऊजी पोलाद कारखान्यात फिटर. तिथे नट घट्ट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक पांढरी रेघ ओढतात. नट हलला तर रेघेचे दोन तुकडे होतात आणि लांबूनच कळतं. बाकीच्या फिटरांनी ही रेघ कारखान्यात ठेवली, आमचे भाऊजी ती घरी घेऊन आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पांढऱ्या रंगाचा मार्कर असतो, आणि हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घरात कुकरच्या झाकणापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत रेघ नाही अशी वस्तू सापडायची नाही. सोफ्याच्या पायापासून फरशीपर्यंत रेघ असल्यामुळे पाहुणे त्या सोफ्यावर फोटो काढायला बसल्यासारखे बसतात. एकदा भाऊजींचा हात मोडला. डॉक्टरांची पाठ वळते न वळते तोच यांनी डाव्या हाताने प्लास्टरवरून कातडीपर्यंत रेघ ओढली. डॉक्टर बघतच राहिले, तेव्हा भाऊजी अत्यंत नम्रपणे म्हणाले, "तुमच्यावर भरोसा आहे साहेब. पण सरकून राह्यलं, तर मले कळलं पायजे ना."

त्यांचं एकंदर तत्त्वज्ञानच असं, की या जगात सगळं सरकतं, त्याला इलाज नाही. सरकणं हा गुन्हा नव्हे, न सांगता सरकणं हा गुन्हा. याबाबतीत ते हरिश्चंद्राच्या वरताण होते. रेघ तुटली की तुटली म्हणणार, मग ती स्वतःच्या हाताने आवळलेल्या नटावरची का असेना. स्वतःची चूक इतक्या आनंदाने गावभर सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

अशा माणसाच्या पोटी माझी भाची जन्मली आणि तिला मोटरसायकलच्या ड्रॅग रेसचं वेड लागलं. म्हणजे सरळसोट रस्ता, दोन गाड्या शेजारी उभ्या, दिवा हिरवा झाला की सुसाट सुटायचं आणि आपण डोळे चोळेपर्यंत सगळं संपलेलं. तिने एक जुनी मोटरसायकल घेतली, इंजिनात काय काय कोंबलं, आणि पहिल्याच सरावाला मागचं चाक फुस्स करून बसलं. गाडी अशी डुलली, की बघणाऱ्यांचे प्राण कंठाशी आले. भाऊजींनी चाक खोललं आणि त्यांचा चेहरा उजळला. टायर रिमवरून सरकला होता! आयुष्यभर ज्या शत्रूची वाट पाहिली तो आपणहून घरी चालत आला होता. मला कळेना तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, की इंजिन एकदम जोर लावतं तेव्हा रिम फिरते, पण टायरने रस्ता धरलेला असतो, तो मागे राहतो. आतली ट्यूब टायरबरोबर ओढली जाते आणि तिचा व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला, तो उपटून निघतो. तरी माझा चेहरा कोराच पाहून म्हणाले, "अरे, कमर फिरली आन् पायजामा तिथंच राह्यला, तर नाडीचं काय होईन?" ते मात्र मला लगेच कळलं.

ताईला नाडीशी कर्तव्य नव्हतं, पोरीशी होतं. तिने सरळ सांगून टाकलं, की पुन्हा एकदा जरी टायर सरकला तर गाडी भंगारात जाईल. ताईचा शब्द म्हणजे भट्टीतून निघालेलं लोखंड, एकदा थंड झालं की वाकत नाही. भाची रडकुंडीला आली आणि भाऊजी कामाला लागले. आधी त्यांनी बांगड्यावाल्याकडून लाख आणून टायर रिमला चिकटवला. चाक तापलं तशी लाख वितळली आणि आठवडाभर त्यांच्या गल्लीला बांगडीबाजाराचा वास येत होता. मग रिमला भोकं पाडून टायरमध्ये स्क्रू घातले. ते इतके चोख बसले की एक थेट ट्यूबमध्ये घुसला. पंक्चरवाला टायर चढवताना साबणाचं पाणी लावतो, तर त्याला त्यांनी साबणाच्या दुष्परिणामांवर असं प्रवचन दिलं, की तो बिचारा हात धुवायलाही बिचकू लागला. शेवटी एमरी कागदाने घासून रिम खरखरीत केली, आतून टायर दाबून धरणारा क्लॅम्प बसवला, टायर कोरडा चढवला, आणि टायरवरून रिमवर एक रेघ ओढली. चार सराव झाले. रेघ शाबूत. भाऊजी शेजाऱ्यांना हाताला धरून आणून ती रेघ दाखवायचे.

कुम्हारीच्या पुढे एका खासगी रस्त्यावर रेस होती. आदल्याच दिवशी विश्वकर्मापूजा होऊन गेली होती. आमच्या गावात त्या दिवशी पान्यापासून क्रेनपर्यंत सगळ्यांना हार पडतात, तेव्हा भाचीच्या गाडीलाही पडला, नारळ फुटला. रेसला ताई पहिल्यांदाच आली, डब्यात साबुदाण्याचे वडे घेऊन, आणि लांब मंडपात जाऊन बसली. प्रत्येकाला दोन संधी होत्या. भाची पहिल्यांदा सुटली, जरा वळवळली आणि परत आली. भाऊजी चाकाशी वाकले, मीही वाकलो. रेघ तुटली होती. चांगली दोन बोटं. भाऊजींनी रिमवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी धरलं. खोबरेल तेल!

मला सगळं लख्ख दिसलं. पूजेला गाडी चमकायला हवी म्हणून ताईने टायरच्या दोन्ही बाजू तेलाने चोळून काढल्या होत्या. जमिनीला लागणारा भाग तेवढा सोडला होता, इतकं तिला कळत होतं. पण तेल रात्रभरात रिमच्या फटीत उतरलं होतं. नारळ फुटलेल्या घरात खोबऱ्याचा वास कोणाला खटकणार? तेवढ्यात ताई मंडपातून उठून येताना दिसली. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, हेल्मेट हातात घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं, आणि पेट्रोलचं फडकं घेऊन ती रेघ पुसून टाकली. स्वतः ओढलेली रेघ, स्वतःच्या हाताने.

"सरकला का जी?" ताईने विचारलं.

"नाई," भाऊजी म्हणाले. "मीच आवळाले चुकलो. पुन्हा खोलून पायतो."

मी त्यांना आयुष्यात खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ताई मंडपात परत गेली. भाऊजींनी टायर उतरवला, रिम पेट्रोलने पुसून कोरडी ठक्क केली, पुन्हा एमरी मारली, टायर चढवून क्लॅम्प आवळला आणि नवी रेघ ओढली. घाईघाईत ती जरा नागमोडी आली. भाचीने जाताना विचारलं, "पापा, पक्का ना? डर तो नहीं है?" भाऊजी म्हणाले, "तू फक्त समोर पाय. मागचं मी पायतो."

यावेळी गाडी रुळावरून सुटल्यासारखी सरळ गेली. रायपूरचा एक पोरगा तिच्या पुढे निघाला, म्हणजे आम्ही हरलो. पण भाऊजींनी निकालाच्या पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते चाकाकडे पळाले, गुडघे टेकून बसले आणि ओरडले, "रेघ एक आहे!" मग जिंकलेल्या पोराला, त्याच्या बापाला, दिवे लावणाऱ्या माणसाला, सगळ्यांना साबुदाण्याचे वडे वाटले. त्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही, की हरलेले लोक एवढे का नाचताहेत.

आता भाची पुण्याला नोकरी करते. गाडी हुडकोच्या अंगणात कापडाखाली उभी असते आणि भाऊजी रोज सकाळी कापड उचलून रेघ पाहतात. उभ्या गाडीची रेघ कुठे जायची? तरी पाहतात, आणि कापड जरा जास्तच सावकाश खाली सोडतात. तेवढ्यापुरतं घर फार शांत वाटतं.

मागच्या दिवाळीला मी जवळच्या चरोद्याहून त्यांच्याकडे अभ्यंगाला गेलो होतो. ताईने तेलाची बाटली पुढे केली. तिच्या बुचावरून खालपर्यंत एक पांढरी रेघ होती, जाड, वाकडीतिकडी. भाऊजींची रेघ मी हजारात ओळखेन, ही त्यांची नव्हती. मी ताईकडे पाहिलं.

"रेसच्या दिवशी त्यायच्या अंगठ्याले पांढरा रंग होता," ती हळूच म्हणाली. "आन् माह्या हाताले तेलाचा वास. मले कावून नाई समजन?"

तिने त्यांना हे कधी सांगितलेलं नाही, आणि ही रेघ कोणाची, हे भाऊजींनी कधी विचारलेलं नाही. माझं तेल लावून झालं तसे ते आतून आले, बाटली उचलली, बूच फिरवत फिरवत रेघेचे दोन्ही तुकडे एकमेकांसमोर आणले आणि बाटली जागेवर ठेवून दिली.